डाव्या हाताचं खुरपं

भातकुलीच्या आमच्या शेतात मला एकदाच निंदायला बसवलं होतं. तेव्हा मी दहा वर्षांचा असेन. कपाशीची अर्धी ओळ काढली आणि उठलो. बाबांना म्हणालो, "मी डावखुरा हावो. खुरपं उजव्या हाताचं असते. मले नाही जमत."

जमत होतं, कंटाळा आला होता. पण सबब अशी फिट्ट बसली, की कॉलेजसाठी अमरावतीला जाईपर्यंत मी ती वापरली. आईबाबा उन्हात निंदायचे आणि मी बांधावर गोष्टीची पुस्तकं वाचायचो.

मागच्या वर्षी पुण्यातल्या नोकरीतून तीन महिन्यांची सुट्टी काढून पोर्तुगालला गेलो. तिथे एका सेंद्रिय शेतावर राहण्या-जेवणाच्या बदल्यात रोज पाच तास काम करायचं होतं. काम कोणतं, तर निंदण. गाजराच्या वाफ्यात गुडघे टेकून मी आठवडाभर गवत उपटलं आणि वर त्याचा फोटोही स्टेटसला टाकला. अकोल्याच्या ताईने तो बाबांना दाखवला.

बाबांचा फोन आला. "कोनाच्या वावरात निंदून राह्यला रे?"

"इथल्या एका शेतकऱ्याच्या. मजा म्हणून, बाबा."

मजा हा शब्द तोंडातून गेला आणि मलाच लाज वाटली. बाबांनी विचारलं, "कोन्त्या हातानं?"

"डाव्याच."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. ते रागावले असतील असं मी धरून चाललो. रागावले असते तर बरं झालं असतं.

श्रावणात चार दिवसांसाठी घरी गेलो. चहा झाल्यावर बाबांनी जुन्या पेपरात गुंडाळलेलं काहीतरी माझ्यापुढे ठेवलं. नवं खुरपं होतं, पातं उलट्या बाजूला वळवलेलं.

"मूर्तिजापूरच्या लोहाराकून आनलं. त्याले तीनदा समजावून सांगा लागलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात गेलो. खुरपं हातात नीट बसलं. बाबा शेजारच्या ओळीत होते. त्यांचे गुडघे आता वाकत नाहीत, म्हणून पाय लांब करून, बसल्या बसल्या सरकत निंदत होते. ओळीच्या शेवटी पोचलो तेव्हा त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं.

"लहानपनीच बनवून द्याले पाह्यजे होतं," ते म्हणाले. "माह्या ध्यानातच नाही आलं. तू बिचारा बांधावर बसून राहे. माहीच चूक झाली."

खरं सांगायला याहून चांगली वेळ येणार नव्हती. मी खुरप्याची माती पुसली आणि म्हणालो, "जाऊ द्या ना, बाबा."

म्हणजे मी त्यांना माफ केलं.