साहेबाचं स्वातंत्र्याचं भाषण

मी दुसरी शिकलेली बाई. तरी फ्रान्सच्या क्रांतीचं आख्खं भाषण मला आजही पाठ आहे. शिकवलंच मी ते.

मस्कतला अझैब्यात एका मराठी इंजिनिअरकडे मी घरकामाला होते. उतरले त्याच दिवशी साहेबानं पासपोर्ट मागून घेतला नि कपाटात ठेवला. किल्ली त्याच्या खिशात. मला मावशी म्हणायचे. मावशीचा पासपोर्ट कुलपात ठेवायचा, असली ती भाचरं.

त्यांची मुलगी इंग्रजी शाळेतली, मराठी अडखळत बोलायची. मराठी लोकांचा मस्कतच्याच रुवी भागात कार्यक्रम होता, तिथं तिचं फ्रान्सच्या क्रांतीवर भाषण. साहेबानं लिहून दिलं. साहेब नि ताई दोघं नवराबायको ऑफिसात, मग पोर सैपाकघरात माझ्याजवळ बसून घोकायची.

"प्रत्येक माणूस जन्मतः स्वतंत्र आहे."

"नीट म्हण गो, दातात पीठ अडकल्यासारखं नको."

त्याच आठवड्यात भावाचा फोन आला. आईनं अन्नपाणी सोडलंय, तुझंच नाव घेते, ये. मी साहेबाला म्हटलं, "पासपोर्ट द्या. तिकीट मी काढते."

साहेब म्हणाला, "मावशी, असं तडकाफडकी होत नाही. कार्यक्रम होऊ दे. घरात पाहुणे येणारेत, कोण बघणार?"

"माझी आय जाते साहेब."

"म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं हो. उठून बसतील बघा."

आणि लगेच पोरीकडे वळून, "हां, म्हण, कुणालाही कुणाला बांधून ठेवण्याचा अधिकार नाही. हात वर करून म्हण. जोर पाहिजे."

पोरगी हात वर करून माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं होतं. बापाला नाय कळलं, का कळूनही नाय, देव जाणे.

"पप्पा, मावशीला जाऊ दे ना."

"तू पाठांतर कर."

कार्यक्रमाच्या सकाळी मी ऐंशी वडे तळत होते, तेव्हा भावाचा फोन आला. आई गेली. मी गॅस बारीक केला, हात धुतले, ताईला सांगितलं.  ताई म्हणाली, "अरेरे. आता जाऊन तरी काय करणार मावशी? भेट तर होणार नाही."

उरलेले वडे तळले. तेल तापलेलं होतं.

रुवीत पोरीला पहिलं बक्षीस मिळालं. साहेब पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होता, लोक त्याचा हात हातात घेत होते. म्हणत होते, काय विचार आहेत तुमचे! मी मागं वडे वाटत होते. फ्रान्सच्या लोकांनी म्हणे राजाचा तुरुंग फोडला. बरं केलं. त्यांना पाहुण्यांचे वडे तळायचे नव्हते.

करार संपला तेव्हा साहेबानं पासपोर्ट काढून दिला. वर सांगतो कसा, "जपून ठेवा हो मावशी, हरवाल."

मी घेतला नि टॅक्सीत बसले. पोरगी दारात रडत होती, तिला हात केला. त्याला नाय केला.