राजने अर्धे सोडलेले सिनेमे

आधीच सांगून टाकतो, मला सिनेमाचा काडीचा शौक नाही. नगरपालिकेच्या पाणीपट्टी विभागात तेहतीस वर्षं लोकांची तोंडं बघितली, तेवढा तमाशा मला जन्माला पुरला. त्यामुळे जपानच्या कुठल्याशा बेटावर पोस्टमन आठवड्यातून एकदाच येतो, किंवा तुर्कस्तानातल्या एका ट्रकवाल्याशी त्याची सख्खी बहीण बोलत नाही, हे मला ठाऊक असायचं काहीच कारण नव्हतं. ते ठाऊक झालं नान्यामुळे.

नान्या म्हणजे हवालदार नानासो. अख्खं रहिमतपूर त्याला नानासो म्हणतं. मी नान्याच म्हणतो, कारण चौथीत त्याने माझी पाटी फोडली होती आणि माफी अजून मागितलेली नाही. तोफखान्यात नोकरी करून आला. तोफांनी कान गेले, बाकी गडी खणखणीत. त्याच्या आणि माझ्या परसात कमरेएवढी भिंत आहे, तिच्यावर हात टेकून आमच्या गप्पा चालतात. तो मला चिंत्या म्हणतो. या वयात मला चिंत्या म्हणणारा तेवढा एकच उरलाय.

भामावहिनी गेल्या त्याला चार वर्षं झाली. एकुलता एक मुलगा, राजवर्धन, बंगळूरला कंपनीत. सून फलटणची, स्वप्नाली, गुणी पोर. त्या दोघांचं पटलं नाही. का पटलं नाही ते मला माहीत नाही आणि नान्यालाही माहीत नाही, कारण असलं काही विचारायची त्यांच्या घरात रीतच नाही. दोन वर्षांपूर्वी काडीमोड झाला, सून माहेरी गेली. राजने बापाला एकदाच सांगितलं की आता तिकडे फोन नको, बोलणं नको. झालं. त्या दिवसापासून तिचं नाव त्या घरात निघायचं बंद झालं.

गेल्याच्या गेल्या दिवाळीत राज आला. भिंतीवर दारापेक्षा थोडाच लहान असा टीव्ही ठोकला, त्यावर स्वतःचं सिनेमाचं खातं चालू करून दिलं, रिमोट कसा दाबायचा ते दोनदा दाखवलं आणि तिसऱ्या दिवशी गाडीत बसून गेला. त्यानंतर बापलेकांचं बोलणं दर रविवारी सकाळी. जेवलास का, गोळ्या घेतल्या का, बरं ठेवतो. घड्याळ लावून बघितलंय मी, दीड मिनिटाच्या वर जात नाही.

पहिले काही दिवस नान्या त्या टीव्हीला भ्यायचाच. चालू केला की समोर बंदुका, रक्त, किंचाळणाऱ्या बायका. मला म्हणाला, आयुष्यभर दारूगोळाच बघितला गड्या, आता म्हातारपणी पैसे देऊन कशाला बघू. टीव्हीवर जुनं लुगडं टाकून ठेवायच्या बेतात होता. मग एका दुपारी रिमोट चुकून खाली दाबला गेला आणि त्याला एक ओळ दिसली. त्या ओळीत अर्धे राहिलेले सिनेमे असतात. जिथपर्यंत बघून झालं, तिथपर्यंत खाली तांबडी रेघ.

त्या ओळीत एक काळा-पांढरा सिनेमा होता. पोलंडचा. गावच्या घड्याळाला चावी देणारा माणूस, बाकी फार काही नाही. रेघ निम्म्यावर थांबलेली.

नान्या भिंतीपाशी आला तो पळतच. "चिंत्या, राज पिच्चर बघतोय रं. निम्मा बघून झोपला वाटतं."

मी म्हटलं, मग? त्यात काय नवल? पण त्याच्यासाठी नवल होतं. पोरगा कुठे राहतो, काय खातो, कोणाबरोबर हसतो, काही पत्ता नाही. आणि इथे अचानक समजलं की काल रात्री पोराने काय बघितलं. नान्याने तो सिनेमा पहिल्यापासून लावला, शेवटपर्यंत बघितला, आणि मग रिमोटने मागे मागे आणून रेघ होती तिथेच नेऊन ठेवली. पोराची जागा चुकायला नको म्हणून. फौजेतला माणूस, घेतलेली वस्तू जागच्या जागी ठेवणार.

तिथून हा नादच लागला. आठवड्याला दोन, कधी तीन. इराणचा, जपानचा, अर्जेंटिनाचा. गाडी यायची बंद झालेलं स्टेशन आणि तिथे रोज झेंडा घेऊन उभा राहणारा स्टेशनमास्तर. कधी पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा, कधी अलीकडचा, पण सगळे एका जातकुळीचे. आवाज कमी, माणसं गप्प, आणि बघून उठलं की दोन दिवस डोक्यातून जात नाहीत. हे मी नान्याच्या तोंडून सांगतोय. मी स्वतः त्यातले तीन बघितले आणि दोनांत झोपलो.

सुरुवातीला खाली येणारी अक्षरं इंग्रजी असायची. नान्याला वाचता येतं, पण एक ओळ वाचून होईस्तोवर दोन पुढे गेलेल्या. एका दुपारी बघतो तर खाली हिंदी. फौजेत हिंदीच वाचली त्याने, खूश झाला. मशीन शहाणं झालं म्हणाला. मीही मान डोलावली. मला तरी कुठे काय कळतंय.

एकदा मी चेष्टेने म्हटलं की पोराच्या उष्ट्यावरच किती दिवस जगणार, आपणच एखादा शोधू. बसलो दोघं. तासभर रिमोट दाबला. एकापुढे एक चित्रं सरकत राहिली, सगळी सारखीच, सगळ्यांच्या हातात पिस्तुलं. नाव माहीत असलं तर सापडतं म्हणे. पण आम्हाला नाव कुठून माहीत असणार? रहिमतपुरातल्या दोन म्हाताऱ्यांना पोलंडच्या सिनेमाचं नाव कोण सांगणार? शेवटी मी चिडून रिमोट आपटला. नान्या मात्र हसत होता. त्याला पोराचा अभिमान वाटला. एवढ्या कचऱ्यातून राज बरोबर चांगलं शोधतो, ही अक्कल त्याच्या आईची, असं म्हणाला.

वर्षभर असं चाललं. मी त्याला किती वेळा सांगितलं, अरे रविवारी फोनवर बोल की त्याच्याशी या सिनेमांबद्दल. तर नाही. पोराला वाटेल बाप पाळत ठेवतोय. उद्या लाजून बघायचं सोडेल. आता कळतं तरी आपल्याला, पोरगं काय विचार करतंय ते. त्या स्टेशनमास्तरच्या सिनेमानंतर तर मला म्हणाला की राज एकटा पडलाय, सुखी माणूस असलं बघत नाही. मग दोन दिवस स्वतःच उदास होऊन बसला.

जानेवारीच्या शेवटी काय झालं, तो तुर्कस्तानच्या ट्रकवाल्याचा सिनेमा आला. बहिणीला द्यायचं म्हणून आईचं जुनं कपाट घेऊन तो देशभर हिंडतो. रेघ वीस मिनिटं शिल्लक ठेवून थांबली होती. नान्याने पुरा बघितला, डोळे पुसले, रेघ जागेवर आणून ठेवली. आणि तेव्हा त्याला चित्राखाली बारीक अक्षरं दिसली. हा सिनेमा एकतीस तारखेपर्यंतच, नंतर निघणार. कसले तरी करार असतात म्हणे त्यांचे, ते संपले की सिनेमा गायब.

त्या दिवशी तीस तारीख होती. नान्या अस्वस्थ. पोराचा शेवट राहिला तर? बहीण दार उघडते का नाही, हेच तर त्या वीस मिनिटांत आहे. सकाळपासून सहा वेळा भिंतीपाशी आला. सहाव्या वेळी माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, बापच आहेस ना त्याचा, का शेजारी? लाव की फोन. सिनेमा गायब व्हायच्या आत बघून घे, एवढं सांगायला काय मुहूर्त लागतो?

त्याने लावला. कानामुळे त्याचा फोन कायम स्पीकरवर, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. वार मंगळवार, म्हणून राजने उचलल्या उचलल्या घाबरून विचारलं की काय झालं. नान्याने सगळं सांगितलं. एका दमात, वर्षभराचं. घड्याळवाला, पोस्टमन, स्टेशनमास्तर, मी रेघ परत जागेवर ठेवतो रं, तुझं काही हललेलं न्हाई.

मग राज म्हणाला, "तात्या, मला जेवायला वेळ मिळत नाही. मी कुठले सिनेमे बघतोय?"

नान्याला समजेना. राजला मात्र समजलं. आवाजच बदलला त्याचा. म्हणाला, ती बघत असणार, तिलाच असल्या सिनेमांचं वेड होतं, खातंही तिनेच काढलं होतं, पासवर्ड अजून आहे वाटतं तिच्याकडे. माझ्या जिवावर वर्षभर चालू आहे आणि मला पत्ता नाही. नान्या काही बोलायच्या आत फोन बंद.

दहा मिनिटांत टीव्हीवर पाटी आली की पुन्हा नोंदणी करा. संध्याकाळी राजने नवा पासवर्ड पाठवला, तो मीच घातला. बघतो तर नान्याच्या नावाचं नवं पान, वर लिहिलेलं तात्या. अर्ध्या सिनेमांची ओळच नाही. तुम्हाला आवडणारे तीन सिनेमे निवडा म्हणजे आम्ही सुचवू, असं ते मशीन विचारत होतं. खाली तीच पिस्तुलं. नान्याने टीव्ही बंद केला.

पुढे तीन आठवडे त्याने टीव्ही लावला नाही. भिंतीपाशी यायचा, पण बोलायचा नाही. भाजीचं विचारावं तर हं म्हणायचा. दुपारी खुर्ची घेऊन त्या काळ्या पडद्याकडे तोंड करून बसलेला दिसायचा, आणि खरं सांगतो, मला घरात बसवेना. भामावहिनी गेल्या तेव्हाही त्याला मी असा बघितला नव्हता. तेव्हा निदान रडला होता.

मग एक दिवस तोच म्हणाला, "चिंत्या, ती हिंदी अक्षरं मशीननं न्हाई केली. मला इंग्रजी वाचायला येळ लागतो, हे राजला ठाऊक न्हाई. तिला ठाऊक हाय. माझी पेन्शनची कागदं तीच वाचून दाखवायची."

म्हणजे हा बघतोय हे तिला ठाऊक होतं. नान्याला आता एकच लागून राहिलं, की आपल्यामुळे पोरीचं सिनेमे बघणं बंद पडलं. वर राजने तिला काय काय ऐकवलं असेल ते वेगळं. तिला माझ्या पेन्शनीतून खातं काढून देतो म्हणाला. पोराने फोन करू नको सांगितलंय त्याचं काय, असं मी विचारलं नाही. त्याच्या फोनमध्ये तिचा नंबर अजून सूनबाई याच नावाने होता.

तिने पहिल्या रिंगला उचलला. तात्या, एवढंच म्हणाली. नान्याने कशीबशी माफी मागितली आणि खात्याचं बोलला.

"माझं स्वतःचं खातं आहे तात्या," ती म्हणाली. "वर्ष होऊन गेलं. सुरुवातीला मोबाईलवर ते जुनंच राहून गेलं होतं. मग मला दिसायला लागलं, मी चार दिवसांपूर्वी अर्धा सोडलेला सिनेमा अचानक पहिल्या नंबरावर आलेला असायचा, आणि रेघ पुन्हा माझ्याच जागेवर. अशी शिस्त तुमचीच. वरचं दुसरं काहीच तुम्ही लावत नव्हता. राजचं समजून, राहिलेलं तेवढंच बघत होता. म्हणून मग मी आधी माझ्याकडे पुरा बघायचे आणि तुम्हाला आवडेलसा वाटला, की तुमच्यासाठी तिकडे अर्ध्यापर्यंत नेऊन ठेवायचे."

नान्याने फोन दोन्ही हातांत धरला होता. मला वाटलं आता विचारेल, मग इथून पुढे फोनवरच नावं सांगत जाशील का. मीही मनात तेच घोकत होतो. पण तीच पुढे बोलली. तिचं लग्न ठरलं होतं. पुढच्या महिन्यात, शिराळ्याला. माणसं चांगली आहेत म्हणाली. आणि मग म्हणाली की तात्या, आता मला तुमच्याशी असं बोलता येणार नाही, तुम्ही समजून घ्याल. तो ट्रकवाल्याचा मी शेवटचाच म्हणून ठेवला होता.

"समजतंय की पोरी," नान्या म्हणाला. "बरं केलंस. सुखात ऱ्हा."

फोन बंद झाला तरी तो तसाच हातांत धरून उभा होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला वाटायचं चिंत्या, मी पोराला सोबत करतोय."

त्या दिवशी फोन लाव म्हणून मीच ओरडलो होतो.