सामाईक बोळ

कंग्राळीचा भरमू उद्यमबागेतल्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं लेथवर होता. केसाएवढा फरकही त्याच्या नजरेतून सुटायचा नाही. माणूस कमी बोलणारा, पण एकदा 'व्हय' म्हटलं की काम झालं समजायचं, असं कारखान्यातली पोरंसुद्धा म्हणायची. भरमूला ते ऐकायला आवडायचं. वडगावातलं घर घेईपर्यंत ते बऱ्यापैकी खरंही होतं.

घराची ओढ लागली ती गाडीमुळे. कंग्राळीतल्या घरात तीन भाऊ, त्यांच्या बायका, पोरं, दोन म्हशी. भरमूनं जुनी, पांढरी, लहानशी गाडी घेतली तेव्हा ती ठेवायला अंगणात जागाच नव्हती. ती रस्त्याकडेला चिंचेखाली उभी राहायची. कोंबड्या टपावर बसायच्या. एकदा उसाच्या ट्रॉलीनं आरसा मोडून नेला, तेव्हा भरमूनं बायकोला, नीलमला, सांगून टाकलं, "आता गॅरेज असलेलं घर बघायचं. लहान असू दे, पण गॅरेज पायजे." नीलमला गॅरेजचं काही नव्हतं. लेकीची, सौम्याची, शाळा जवळ पडावी आणि नळाला पाणी यावं, एवढंच तिचं मागणं होतं.

वडगावातलं घर राजकुमारचं. तो पुण्यात नोकरीला, वडील वारलेले, घर बंद पडलेलं. त्याच्या वडलांनी आणि शेजारच्या सुबराव विणकरानं तरुणपणी दोन घरं शेजारी शेजारी बांधली होती. मधे नऊ फुटी बोळ सोडला होता, साठ फूट लांब, दोघांचा सामाईक. बोळाच्या टोकाला राजकुमारच्या वडलांनी पत्र्याचं एक गॅरेज घातलं होतं. गाडी त्यांना आयुष्यात घेता आली नाही. गॅरेजमध्ये शेवटपर्यंत जळण आणि मोडक्या खुर्च्या होत्या. पण ते दार उघडून भरमू आत उभा राहिला आणि त्याचं मन तिथंच बसलं. बाकीच्या खोल्या त्यानं धड बघितल्याही नाहीत.

राजकुमार म्हणाला, "अण्णा, एक आधीच सांगून ठेवतो. ह्या बोळात महिन्यातनं दोनदा ताणा पडतोय."

शेजारी सुबराव आणि त्याची बायको बायाक्का हातमागावर साड्या विणायची. साडीचे उभे धागे मागावर चढवण्याआधी ते लांबच्या लांब ताणून, खळ लावून, कुंच्यानं सारखे करावे लागत. त्याला साठ फूट मोकळी जागा लागते. घरात ती कुठली? म्हणून बोळ.

"सकाळी सा ते धा," राजकुमार सांगत होता. "तेवढा वेळ गाडी भाईर काढायची. आमच्या वडलांनी सुबरावआप्पांना शब्द दिलता. तुमी बी पाळायचा. कागदात घालूया का?"

"कागदात कशाला?" भरमू म्हणाला. "महिन्यातनं दोन सकाळ म्हंजे काय! आमी काय परकं हाय? शब्द दिलो म्हण."

कागद तिथल्या सरकारी भाषेत, कन्नडमध्ये झाला. बोळ दोघांच्या जाण्यायेण्याचा, कुणी अडवायचा नाही, एवढंच त्यात आलं.

राहायला आल्यावर पहिल्याच दिवशी भरमूनं गाडी गॅरेजमध्ये घातली. दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा फूट राहील, हे त्यानं टेपनं मोजून ठेवलं होतं. गाडी बरोबर बसली. मग गाडीचं दार उघडायला गेला तर ते जेमतेम अर्धा फूट उघडून भिंतीला टेकलं. गाडीचं माप घेतलं होतं, उतरणाऱ्या माणसाचं राहिलं होतं. सौम्या पोट धरून हसली. भरमू मागच्या सीटवर सरकला, डिकीतून रांगत बाहेर आला, तेव्हा समोर बायाक्का उभी. हातात ताटलीवर झाकलेलं पिठलं, ज्वारीच्या भाकरी.

"असं रोज यायचं म्हटल्यावर खाणं कमी करायला लागंल बघ, भरमू," ती म्हणाली, आणि सगळेच हसले.

पहिली तीन वर्षं चांगली गेली. गाडी बोळातच उभी राहू लागली. ताण्याच्या आदल्या दिवशी बायाक्का आठवण करायची, "उद्या ताणा हाय गं नीलम," आणि भरमू पहाटे उठून गाडी रस्त्यावर नेऊन लावायचा. एका रविवारी माणूस कमी पडलं म्हणून त्यानं स्वतः टोक धरलं. हिरवेगार धागे या टोकापासून त्या टोकापर्यंत कंप पावत होते. सुबराव वाकून, श्वाससुद्धा जपून सोडत, कुंचा फिरवत पुढं सरकत होता. तुटलेला धागा त्याला दिसायचा आधी बोटालाच कळायचा. भरमूला आपलं लेथचं काम आठवलं. हा आपल्यातला माणूस आहे, असं त्याला वाटलं. दुपारी त्यानं तसं नीलमला बोलूनही दाखवलं.

सौम्या तर अर्धी बायाक्काकडेच वाढली. बायाक्काला कन्नड बोलायला फाडफाड यायचं, वाचायला यायचं नाही. लाइटचं बिल आलं, कसला कागद आला, की ती सौम्याला हाक मारायची, "बघ गं बाई, काय म्हणतंय सरकार." सौम्या वाचून मराठीत सांगायची आणि बदल्यात शेंगदाण्याचा लाडू घेऊन यायची.

मग भरमू सुपरवायझर झाला. बरोबरीच्या माणसांनी मोठ्या गाड्या घेतल्या होत्या. त्यानंही नवी घेतली, लांब, उंच, राखी रंगाची. ती गॅरेजच्या दारातूनही आत जाईना. गॅरेजमध्ये पुन्हा जळण आणि खुर्च्या गेल्या आणि नवी गाडी बोळात उभी राहिली. तिच्यावर भरमूचा जीव. कारखान्यातून आला की आधी गाडीभोवती एक फेरी मारायचा, मग चहा.

नव्या गाडीला दोन महिनेही झाले नव्हते. ताण्याच्या सकाळी भरमूनं ती बाहेर रस्त्यावर लावली आणि सुताची पोती घेऊन येणाऱ्या एका टेम्पोनं तिचं एक अंग या दारापासून त्या दारापर्यंत खरडून नेलं. टेम्पोवाला थांबलाही नाही.

भरमू बोळात आला तेव्हा ताणा अर्धा झाला होता. सुबराव कुंचा घेऊन उभा होता.

"बास झालं, आप्पा," भरमू म्हणाला. "आजपासनं गाडी हितनं हालणार न्हाय. ताणा दुसरीकडं बघा."

सुबरावला आधी कळलंच नाही. मग तो म्हणाला, "अरं, राजकुमारच्या बानं शब्द दिलता..."

"कुठं लिवलंय? कागद दाखवा."

सुबराव पुन्हा धाग्यांवर वाकला. बायाक्का टोक धरून उभी होती, तिनं ते सोडलं नाही. तो ताणा त्यांनी तसाच पुरा केला. शब्द राजकुमारच्या बापानं एकट्यानं दिला नव्हता, आपणही दिला होता, हे भरमूला तेव्हाही आठवत होतं. पण ते ठाऊक असलेला दुसरा माणूस पुण्यात होता.

पुढच्या ताण्याला गाडी हलली नाही. सुबरावनं आणखी दोनदा येऊन विनवलं. तेव्हा भरमूनं टिळकवाडीतल्या एका वकिलाला गाठून नोटीस धाडली. घरात नीलमलासुद्धा सांगितलं नाही.

चार दिवसांनी, रविवारी दुपारी, भरमू आतल्या खोलीत आडवा झाला होता. बाहेर बायाक्काचा आवाज आला.

"सौम्या, आहेस का गं? पोस्टातनं कागद आलाय. सही करून घेतला माझ्याकडनं. करंटच्या बिलाचा न्हवं वाटतं ह्यो, लई जाड हाय."

भरमू उठून बसला. बाहेर जावं, पोरीच्या हातून कागद घ्यावा, असं त्याच्या मनात आलं. पाय खाली सोडले आणि तो तसाच बसून राहिला.

सौम्या आठवीत होती. ती एकेक ओळ वाचायची, मग मराठी करून सांगायची. सामाईक बोळात दोर, काठ्या, धागे बांधून अडथळा केला जातो. तो ताबडतोब बंद करावा. न केल्यास कोर्टात दावा लावला जाईल. "आमच्या पक्षकारांच्या वतीनं..." म्हणून तिनं नाव वाचलं आणि ती थांबली. नाव तिच्या बापाचं होतं.

बायाक्का म्हणाली, "एवढंच हाय व्हय? बरं. मला वाटलं, घरावर काय आलं का काय." कागदाची घडी घातल्याचा आवाज आला. "तू कशाला रडतीस गं? चांगलं वाचलीस की."

त्यानंतर बोळात ताणा पडला नाही. काही दिवस त्यांनी तो देवळामागच्या माळावर नेऊन बघितला. तिथं वारा आवरायचा नाही, धागे गुंतायचे, आणि सुबरावचे गुडघे तिथवर चालायला तयार नव्हते. मग माग थांबला. बायाक्का यंत्रमागाच्या एका शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायला जाऊ लागली. सकाळी सातला डबा घेऊन ती गाडीच्या कडेनं, अंग चोरून, बोळातून बाहेर पडायची. भरमू समोर आला तर "ड्युटीला न्हाय आज?" एवढं विचारायची. सौम्या मात्र बापाशी कामापुरतंच बोलू लागली. मागाचा आवाज बंद झाल्यापासून भरमूला पहाटे जाग यायची आणि पुन्हा झोप लागायची नाही. गाडीला ओरखडा पडू नये म्हणून आपण केलं ते केलं, अशी तो मनाची समजूत घालायचा. गाडीवर ओरखडे तरीही पडत राहिले.

गेल्या वर्षी राजकुमार कुणाच्या तरी लग्नाला आला होता, तो घर बघायला डोकावला. चहा घेता घेता त्यानं नीलमला विचारलं, "वैनी, ताणा पडतोय न्हवं अजून? मी घर देतानाच अण्णांना सांगितलो हुतो. त्यांनी शब्द दिलते म्हणून तर त्यांनाच दिलो. दुसरं गिऱ्हाईक बी हुतं."

नीलमनं भरमूकडं बघितलं. राजकुमार गेल्यावर ती म्हणाली, "तुमी शब्द दिलता? आणि नोटिशीच्या वक्ताला मला म्हटला, ती लोकं उगंच दमदाटी करत्यात." उत्तराची वाट न बघता ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी भरमूनं गाडी काढून लांब चौकात नेऊन लावली आणि तो बायाक्काच्या दारात गेला. नोटिशीनंतर इतक्या वर्षांत तो उंबऱ्याच्या आत गेला नव्हता.

"आक्का, ताणा घाला. गाडी आता हितं येणार न्हाय. माझी चूक झाली. मी शब्द दिलो हुतो, राजकुमारला. मोडलो."

बायाक्का तांदूळ निवडत होती. "म्हाईत हाय की आमाला," ती म्हणाली. "राजकुमारनं तवाच फोन करून सांगितलं हुतं, अण्णा व्हय म्हटल्यात म्हणून."

त्यांना पहिल्यापासून माहीत होतं, आणि नोटीस आली तेव्हाही त्यांनी ते तोंडावर फेकलं नव्हतं.

"मग बोलला का न्हाय, आक्का?"

"तुझ्या पोरीम्होरं काय बोलू?" ती म्हणाली. मग हात झटकून उठली. "ये आत. बघ."

माग जिथं होता तिथं खाली पाय सोडायचा खड्डा असायचा. तो बुजवून वर फरशी घातली होती, बाकीच्या घरापेक्षा वेगळ्या रंगाची. माग शहापुरातल्या एका सुतारानं लाकडाच्या भावानं नेला होता. फरशीवर खाट, आणि खाटेवर सुबराव. त्याच्या डोळ्यांत पाणी उतरून नजर जवळजवळ गेली होती, माणूस आवाजावरून ओळखायचा.

"कोण, भरमू?" तो म्हणाला. "बस बस. गाडी कशी चालतीया?"

"बरी हाय, आप्पा," भरमू म्हणाला.

आता महिन्यातून एकदा भरमू सुबरावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेतो. तेवढं त्यानं हट्टानं आपल्याकडं घेतलंय. गाडी दारापर्यंत आणतो, दार उघडतो, हाताला धरून बसवतो. सुबराव बसण्याआधी दरवेळी चपला काढून रस्त्यावर नीट ठेवतो. "आप्पा, असू द्या की, चपला घाला," भरमू दरवेळी सांगतो.

"नको रं," सुबराव म्हणतो, "तुझी गाडी घाण हुईल," आणि पाय वर घेऊन, अंग आखडून, सीटच्या कडेला बसतो.