न उघडलेला ड्रम

इस्पितळाच्या मागच्या अंगाला, जिथं उन्हाला आत यायला एकच झरोका होता, तिथं वाफेची खोली होती. त्या खोलीत मावशीनं एकवीस वर्षं काढली. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथंच राहिलं. डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळे तिला मावशीच म्हणत. नवरा सुतार होता, जिभेनं मोकळा. तो म्हणायचा, "सगळ्या जगाची मावशी, माझीच तेवढी बायको."

काम सांगायला सोपं. ऑपरेशनला लागणारे चिमटे, कात्र्या, कापडं धुऊन, पुसून, घड्या घालून पत्र्याच्या गोल ड्रममध्ये भरायची. ड्रमच्या अंगाला बारीक भोकं असतात, त्यांवर सरकती पट्टी. पट्टी सरकवून भोकं उघडायची, ड्रम वाफेच्या टाकीत ठेवायचा, दाबाचा काटा चढला की घड्याळ बघायचं. पाऊण तासानं ड्रम बाहेर काढायचा आणि भोकं लगेच बंद करायची. मग ऑपरेशनच्या टेबलापाशी पोचेपर्यंत तो कुणी उघडायचा नाही. उघडला की आतलं सगळं बाद. जंतू मेले की नाही ते डोळ्यांना दिसत नाही, आणि बघायला झाकण काढलं तर त्या बघण्यानंच माल बिघडतो. या कामातली खरी अडचण एवढीच. हातांनी करायचं ते करून झालं की पुढचं विश्वासावर सोडावं लागतं.

मावशीचा तो विश्वास एका बाळंतिणीबरोबर गेला. पोट चिरून बाळ काढलं, बाळ जगलं, आईची जखम चिघळली. नवव्या दिवशी ती गेली. चौकशी झाली, कागद झाले, कुणावर काही आलं नाही. वाफेच्या खोलीत तर कुणी येऊन विचारलंसुद्धा नाही. पण त्या दुपारी मावशी टाकीसमोर उभी राहिली आणि आठवायला लागली, त्या दिवशी आपण भोकं बंद केली होती का? हात आठवला, पट्टी आठवली, पट्टीचा आवाजही आठवला. पण तो त्या दिवसाचा की आदल्या दिवसाचा, ते काही केल्या कळेना. रोज तेच काम करणाऱ्या माणसाचे दिवस घडी घातलेल्या कापडांसारखे एकावर एक बसतात. मधला एक ओढून काढता येत नाही.

तिथून भीती तिच्या घरी राहायला आली.

आधी ती भोकांवरून दोनदा बोट फिरवायची. मग चारदा. मग एक दिवस तिनं झाकणच काढलं. कापडांच्या मधोमध एक कागदी पट्टी ठेवलेली असते, वाफ पोचली की ती काळी पडते. तशीच एक टेप ड्रमला बाहेरूनही चिकटवलेली असते, पण ती फक्त बाहेरचं सांगते. पट्टी काळी होती. मावशीला हायसं वाटलं, एक श्वास घेण्याइतकं. मग लक्षात आलं की ड्रम बाद झाला. तो पुन्हा भरून टाकीत घालावा लागला. पुढं हे रोजचंच झालं. ड्रम उशिरा जायला लागले. मोठी सिस्टर खोलीच्या दारात येऊन म्हणायची, "मावशी, तुम्ही कापडं उकळताय का त्यांची वरात काढताय?"

घरीही तेच. गॅसचं बटण, दाराची कडी, पुन्हा गॅसचं बटण. सुतार म्हणायचा, "अगं, मी बसवलेली कडी आहे ती. ओढून ओढून एक दिवस चौकटीसकट हातात येईल." हसत म्हणायचा, पण कामाला निघताना तिला कोपराला धरून रस्त्यापर्यंत न्यायचा. नाहीतर ती परत फिरायची.

मावशी ख्रिस्ती, आईपासूनची. दर रविवारी पत्र्याच्या छपराच्या देवळात दुसऱ्या बाकावर बसायची. पाळकसाहेब म्हातारे होते, एका डोळ्यानं अधू. ती त्यांच्याकडे गेली. ते म्हणाले, "चिंतेचं गाठोडं प्रभूच्या पायाशी ठेवायचं आणि घरी जायचं."

"ठेवते हो," मावशी म्हणाली. "पण निघताना परत सोडून बघते, सगळं नीट बांधलंय का."

पाळकसाहेबांना हसू आलं, पण ते लगेच गंभीर झाले. कारण मावशी रडत होती. प्रार्थनेचंही तसंच झालंय, ती सांगत होती. आमेन म्हटलं की वाटतं, मधली ओळ मनापासून म्हटली नाही. मग पुन्हा पहिल्यापासून. गुडघे सुजलेत.

त्यांनी तिला बाकावर बसवलं. मग म्हणाले, "बाई, प्रभू बहिरा नाही. एकदा सांगितलेलं त्याला ऐकू जातं. एकदाच मागायचं, आमेन म्हणायचं आणि उठायचं. भीती गेली नाही तर तिला बरोबर घेऊन उठायचं. शांत वाटणं तुझ्या हातात नाही. उठणं आहे."

मावशीनं ते धरून ठेवलं. वर्षभरात कडी सुटली. गॅसचं बटण एकदाच बघून ती घराबाहेर पडायला लागली, घामाघूम होऊन का होईना. ड्रम मात्र सुटला नाही. कडीनं कुणी मरत नाही, ती म्हणायची.

मग एका सकाळी इस्पितळात एक गवंडी आणला. तिशीतला, आतड्याला पीळ पडलेला. त्याचा बाप बाहेरच्या बाकावर पोराच्या चपला मांडीवर घेऊन बसला होता. मावशीनं दोन ड्रम काढले, भोकं बंद केली. मग हात थांबेना. पहिल्या ड्रमचं झाकण तिनं उचललं, कापडं दोन बोटांनी बाजूला केली, पट्टी बघितली. काळी. झाकण लावलं. आता हा पुन्हा टाकीत घालायचा, एवढ्यात ऑपरेशनची नर्स धावत आली.

"मावशी, बाहेरची टेप काळी आहे ना? मग द्या." आणि ड्रम उचलून ती गेलीसुद्धा.

मावशी दारापर्यंत धावली आणि थांबली. इतकी वर्षं तिनं न केलेल्या चुकांची भीती बाळगली होती. आज चूक खरी होती, तिच्या बोटांनी केलेली. बोलली तर ही खोली जाणार, कदाचित नोकरीही. नाही बोलली तर तो गवंडी. आणि डोक्यात एक आवाज गोड बोलत होता, क्षणभरच तर उघडला होतास, काही होत नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो आवाज तिला धीर देत होता.

ती ओल्या फरशीवर गुडघ्यांवर बसली. "प्रभू, तोंड उघडायला लाव." एकदाच म्हणाली. आमेन म्हणाली. आणि उठली.

ऑपरेशनच्या दारातून ती ओरडली, "तो ड्रम वापरू नका. मी उघडलाय."

गवंड्याला भूल दिलेली होती. डॉक्टर हातमोजे घातलेले हात छातीपाशी धरून वळले. "काय म्हणालात?"

"उघडला. आतली पट्टी बघायला."

"बघायला?" मोठी सिस्टर म्हणाली. "आत काय सिनेमा लागला होता?"

"सिस्टर, नंतर," डॉक्टर म्हणाले. "दुसरा ड्रम आहे?"

"आहे."

"आणा. तोही उघडलात?"

मावशीनं ड्रम आणून समोर धरला. नाही उघडला. नाहीच उघडला. की उघडला? बोटांना कापडाचा स्पर्श आठवत होता, तो एकाच ड्रमचा की दोन्हींचा? आत बघितलं तर कळणार नव्हतं. आणि बघितलं की हाही गेला. तिची बोटं झाकणाच्या कडेवर होती.

"मावशी, विचारतोय मी. वेळ नाही."

"नाही उघडला," ती म्हणाली. ड्रम सिस्टरच्या हातात दिला आणि स्वतःचे दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.

ऑपरेशन दोन तास चाललं. उघडलेल्या ड्रमपायी टेबल नव्यानं मांडण्यात वीस मिनिटं गेली होती.

संध्याकाळी मोठ्या सिस्टरनं तिला बोलावलं. "खरं सांगितलंत म्हणून नोकरी राहिली. पण त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. उद्यापासून धुलाईत." मावशीनं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी गवंड्याला ताप भरला. धुलाईच्या हौदापासून त्याचा वॉर्ड पन्नास पावलांवर. मावशीनं दिवसातून एकदाच विचारायचं ठरवलं होतं, सकाळी, आल्या आल्या. बाकी सारा वेळ ती चादरी आपटायची. घरी सुतार म्हणाला, "मी जाऊन विचारून येऊ का?" ती म्हणाली, "नको. तुम्ही गेलात तरी ते माझंच विचारणं."

चौथ्या दिवशी सकाळी वॉर्डातली खाट रिकामी होती. बाकावर त्याचा म्हातारा बापही नव्हता. मोठी सिस्टर औषधांच्या कपाटाशी पाठमोरी उभी होती.

"पहाटे गेला," न वळता ती म्हणाली. मग वळली. मावशीचा चेहरा बघून तिचा आवाज उतरला. "जखम स्वच्छ होती, मावशी. मी स्वतः पाहिली. आतडंच काळं पडलं होतं, आणलं तेव्हाच."

मावशीच्या जिभेवर आलं होतं. नक्की स्वच्छ होती? कडेनंसुद्धा? आणि ती वीस मिनिटं, त्यानं काही फरक? तुम्ही मला बरं वाटावं म्हणून तर नाही ना? प्रश्न एकामागून एक दाटीनं उभे राहिले, आणि प्रत्येकाच्या पाठीमागं आणखी चार. सिस्टर थांबली होती, जणू विचारलंत तर सांगते.

"बरं," मावशी म्हणाली.

ती खाली आली. हौदाशी उभी राहून त्या बापासाठी तिनं एकदा प्रार्थना केली. आमेन म्हटलं, तरी भीती होती तिथंच राहिली. थोड्या वेळानं वॉर्डातली गाठोडी आली. वरच्या गाठोड्यात रिकाम्या खाटेची चादर होती, मधोमध पिवळा डाग पडलेली. मावशीनं ती पाण्यात सोडली, साबण लावला आणि घासायला बसली.