मायची बोटं आणि सुटलेलं पान

आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले. बी.ए.ची पुस्तकं मी जुनीच विकत घेतली होती. त्यांच्या समासात पेन्सिलीनं अर्थ लिहून लिहून पास झाले. हे सांगताना मला आजही छाती फुगल्यासारखं होतं, आणि का होऊ नये?

यंदा त्या पुस्तकांच्या पेटीला वाळवी लागली. नव्या पुस्तकांना लागायला नको म्हणून ठरवलं, मोबाइलवर पानन्‌पान स्कॅन करायचं आणि मूळ पुस्तक चुलीत घालायचं. पहिली तीन मी आठवडाभरात एकटीनंच उरकली. ती मायला देऊन सांगितलं, "अंघोळीचं पाणी तापवायला घे."

चौथ्याच्या वेळी माझा हात भरून आला, म्हणून पानं उलटायला मायला बसवलं. माय निरक्षर. तिचं आयुष्य नंदुरबारला मिरची वाळत घालायच्या पथारीवर देठ खुडण्यात गेलं. मी घाई करत होते. ती मात्र प्रत्येक पान चिमटीत धरून जरा चोळायची.

"माय, झटपट कर ना!"

"थांब वं. दोन पानं संगे उनात."

मी बघितलं. खरंच, दोन पानं चिकटलेली. तिनं न फाडता सोडवली.

"तुले कसं समजनं?"

"मन्हा बोटेस्ले समजस. तू शिकेल शे, तुन्हा बोटं नहीत."

मी हसले, पण स्कॅनिंग थांबवलं. आधीची तीन मोबाइलवर उघडली. पहिल्यातच अठ्ठेचाळीस-एकोणपन्नासनंतर एकदम बावन्न-त्रेपन्न. मधली दोन पानं गेली, त्यांच्या समासातलं माझं अक्षरही गेलं. पुस्तक तर चुलीत.

"माय, ती तीन पुस्तकं जाळली का गं?"

"मी काय येडी शे? इद्या कोनी चुलमा घालस का?"

तिनं मला मागच्या दारी नेलं. न्हाणीच्या पत्र्यावर तिन्ही पुस्तकं मिरचीसारखी पसरलेली, उघडी, वर विटेचा तुकडा. रोज दुपारी ती बाजू पालटत होती. "उन्हमा किडा ऱ्हातस नही," म्हणाली.

वाळवी झडून गेली होती. पन्नासावं पान कडेनं खाल्लेलं, पण समास शाबूत. पेन्सिलीची ओळ वाचता येत होती.

मी त्या पानाचा फोटो घेतला. मग तिन्ही पुस्तकं खाली आणली आणि पहिलं पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून उलटायला मायच्या हातात दिलं.