भिंतीवरचे काशीराम

नलिनीला चित्र बघायला शिकवलं ते रद्दीवाल्याकडे मिळालेल्या एका फाटक्या पुस्तकानं. युरोपातल्या प्रबोधनकाळात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली माणसांची चित्रं होती त्यात. घाटकोपरच्या भटवाडीतल्या खोलीत ती भिंग घेऊन त्या चेहऱ्यांवर ओणवी व्हायची. रंग नाही, बोटानं घासून आणलेली सावली नाही. सगळा माणूस नुसत्या रेघांचा. गालाच्या उंचवट्यावर रेघ केसासारखी बारीक, हनुवटीखाली वळताना जाड, आणि काळोख हवा तिथे रेघेवर आडवी रेघ. मांडणीचं तर तिला फारच नवल वाटे. चेहरा जरासा वळलेला, एका बाजूला मोकळी जागा, आणि खाली कठड्यावर टेकलेले हात. शाळेत चित्रकलेच्या तासाला ती हे समजावून सांगायची तेव्हा पोरं जांभया द्यायची.

"कसले गोरे म्हातारे बघत बसतेस गं ताई?" धाकटा लवू म्हणायचा. "माझ्या दुकानाची पाटी रंगव ना त्यापेक्षा."

मग गिरण्यांचा संप झाला. वडील, काशीराम, जन्मभर गिरणीच्या साचेखात्यात मागांवर उभे राहिलेले. त्यांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. ते खिडकीपाशी बसू लागले, हात मांडीवर ठेवून, दिवसचे दिवस. नलिनीनं टाक घेतला आणि त्यांना तसंच काढायला बसली.

"नाक नीट काढ हां."

"बाबा, हलू नका."

"हलून जाणार कुठे मी आता?"

कित्येक रविवार ती नुसत्या हातांवर खपली. सुजलेले सांधे, सुतानं पडलेल्या चिरा. गळ्यापासून बाहीपर्यंतची प्रत्येक रेघ तिनं त्या हातांकडे उतरवत नेली. चित्र पुरं झालं तेव्हा काशीरामांनी ते हातात घेऊन बघितलं. "मीच हा," एवढंच म्हणाले.

वर्षाच्या आत ते गेले. भिंतीवर लावायला फोटो नव्हता. गिरणीच्या पासावरचा चेहरा केव्हाच पुसून गेला होता. "तुझंच चित्र लावू या," लवू म्हणाला, तेव्हा नलिनीला भरून आलं. तोच ते फ्रेमवाल्याकडे घेऊन गेला.

बाराव्याच्या सकाळी फ्रेम भिंतीवर चढली. लंबगोल. आत फक्त गळ्यापर्यंतचा चेहरा. गालांना गुलाबी रंग, सुरकुत्या पांढऱ्यानं बुजवलेल्या, वर झेंडूचा हार.

"हात कुठेत, लवू?"

"अगं, तयार फ्रेम तशीच होती. गेलेल्या माणसाचा चेहरा लावतात. हात कोण लावतं?"

"कापलेला तुकडा?"

"फेकला असेल त्यानं. एवढं काय?"

"वाट लावलीस रे. सगळ्याची वाट लावलीस."

"तेका कित्याक बोलतंस?" मागून आई तिच्या मालवणीत म्हणाली. "मीच सांगलंय कापूक."

नलिनी वळली.

"गिरण बंद पडल्यापासून ते हात रोज बघलंय मी, मांडीर पडलेले. आता भिंतीर पण तेच बघू?"

नलिनी जे दाखवायला इतकी खपली होती, ते आईला पहिल्या नजरेतच दिसलं होतं. दिसलं म्हणूनच तिनं ते कापायला लावलं होतं.

शेजारची मालन नमस्काराला आली. फ्रेमसमोर थबकली. "अगदी फोटोच वाटतो गं!"

"आमच्या नलूनच काढल्यान," आई कौतुकानं म्हणाली.