बारा जणांचा वर्ग

बारावीनंतर माझ्यापुढे दोन कॉलेजं होती. एक विद्यापीठाचं, अंधेरीतलं. बोरिवलीच्या आमच्या घराजवळून थेट बस होती. तिथे एका वर्गात दीडशे मुलं बसायची आणि प्राध्यापक माईक लावून शिकवायचे. दुसरं घाटापलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी नुकतंच निघालेलं, राहून शिकायचं. तिथे वर्गात बाराच जण असायचे, मोठ्या गोल टेबलाभोवती बसून चर्चा करायचे आणि कोणताही विषय कोणत्याही विषयाबरोबर घ्यायची मोकळीक होती; त्याला ते लिबरल आर्ट्स म्हणायचे. मला तिथे फीमाफी मिळाली होती.

मी छोटं निवडलं, त्याचं कारण मुलाखत. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी मला विचारलं होतं, की तुला कशाबद्दल खरंच कुतूहल वाटतं? असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी जोगेश्वरीच्या गुंफांबद्दल बोलले. आजोळी गेले की मी तिथे जायची. एवढा मोठा डोंगर आतून कुणी पोखरला असेल आणि तेव्हा आसपास कोण राहत असेल, असं काहीतरी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलत राहिले. त्या हसल्या नाहीत. घरी येताना मी ठरवूनच टाकलं.

बाबांना यातलं फार कळलं नाही. ते एका औषध कंपनीत पॅकिंग विभागात सुपरवायझर होते. आमचं गाव मालवणकडचं आणि आमच्या घराण्यात मुंबईबाहेर शिकायला कुणीच गेलं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, की तिकडे जेवायला मासे मिळतील का. आईची अडचण वेगळी होती. लोक विचारायचे, लिबरल आर्ट्स म्हणजे काय, चित्रकला का? मुलीला सायन्सला इतके चांगले मार्क असताना आर्ट्स? आई गोंधळायची आणि मग म्हणायची, अहो, परदेशातल्यासारखं कॉलेज आहे. हे मात्र लोकांना लगेच कळायचं.

त्या ‘परदेशातल्यासारखं’नं घोटाळा केला. बिल्डिंगच्या सत्यनारायणाला माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. मंडळाच्या पोरांनी नाक्यावर फ्लेक्स लावला. त्यावर माझा पासपोर्ट साइज फोटो आणि माझ्यापेक्षा मोठे मंडळाच्या पदाधिकाऱ्यांचे. ‘आपल्या विभागाची शान’ असं लिहिलं होतं. मी लाजून त्या रस्त्यानं जाणं टाळायची, पण खोटं कशाला बोलू, एकदा समोरच्या फुटपाथवर उभी राहून मी तो नीट पाहून घेतला होता.

कॉलेज सुंदर होतं. माझी रूममेट दिल्लीची होती, बडबडी आणि मनानं चांगली. तिथे प्राध्यापकांना पहिल्या नावानं हाक मारायची पद्धत होती. इतर मुलं पहिल्या दिवसापासून सहज मारायची. मला ते जमेना. मॅडम म्हणायची सोय नव्हती आणि नाव तोंडातून निघत नव्हतं. म्हणून मी त्यांना हाकच मारायची नाही. काही विचारायचं असेल तर त्यांच्या आसपास उभी राहायची, त्यांचं लक्ष जाईपर्यंत. बहुतेक वेळा लक्ष जायच्या आधी मीच निघून यायची.

वर्गात तर लपायला जागाच नव्हती. बारा जण गोल बसलेले, प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा दिसतोय. मला वाचलेलं कळायचं. बोलायचं काय हेसुद्धा डोक्यात असायचं. पण त्याचं इंग्रजी वाक्य जुळवेपर्यंत चर्चा पुढे गेलेली असायची. एकदा प्रत्येकानं आपल्या घराबद्दल बोलायचं होतं. मी तयारी केली होती. माझी पाळी आली आणि पहिल्या वाक्यानंतर सगळं पुसून गेलं. मुलाखत घेणाऱ्या त्याच बाई शिकवत होत्या. त्या म्हणाल्या, “सावकाश. आम्ही थांबतो.”

आणि ते सगळे खरंच थांबले. कुणी हसलं नाही की कुणी घड्याळ पाहिलं नाही. समोरचा एक मुलगा धीर द्यायला मान हलवत होता. कुणी हसलं असतं तर मला राग तरी आला असता. त्या शांततेत माझे कान तापले, मी सॉरी म्हटलं आणि खाली पाहिलं. तेव्हा बाई पुढच्या मुलीकडे वळल्या, तेही इतक्या हळुवारपणे, की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

पुढच्या तासाला मी गेलेच नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. दीडशेच्या वर्गात एक मूल नसलं तर काय कळतं? बारातलं एक नसलं की खुर्ची दिसते. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई स्वतः हॉस्टेलवर आल्या. माझ्या पलंगाच्या कडेला बसून त्यांनी विचारलं, तुझ्यासाठी काय करता येईल? आमची शिकवायची पद्धत चुकतेय का? माझ्यामुळे एवढी शिकलेली बाई स्वतःची चूक शोधत बसलीये, हे मला सहन झालं नाही. मी म्हटलं, तब्येत बरी नाही. त्या गेल्या आणि मी बाबांना फोन केला.

बाबा दुसऱ्या दिवशी एसटीनं आले. मला वाटलं होतं, समजावतील, नाहीतर चिडतील. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “चल गो बाय, घराक जावया.” रूममेट वर्गात होती. मी तिच्यासाठी चिठ्ठीसुद्धा न ठेवता निघाले.

बोरिवलीला उतरल्यावर आम्ही रिक्षानं आमच्या नाक्यावरून वळलो. गणपती नुकतेच होऊन गेले होते. शुभेच्छांच्या नव्या फ्लेक्सखालून माझा अर्धा चेहरा अजून दिसत होता. बाबा दुसरीकडे बघत होते. आपल्याला तो दिसलाच नाही, असं आम्ही दोघांनीही धरून चाललो.

शेजाऱ्यांनी विचारलं की आई सांगायची, सुट्टी आहे. समोरच्या काकूंनी दोनदा विचारलं, दोनदा हेच उत्तर. हळूहळू तिनं खाली भाजीवाल्याकडे जाणं सोडलं आणि भजनी मंडळही सोडलं. मी घराबाहेर पडायचीच नाही. कॉलेज सोडल्याची लाज होतीच. पण माझ्यामुळे आईला जिना उतरायची चोरी झाली, ही लाज जास्त बोचायची. आणि ती मला एका शब्दानंही बोलली नाही.

दसऱ्याला सकाळी लोक सोनं द्यायला आले. काकूंनी माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली आणि म्हणाल्या, “बरीच मोठी सुट्टी आहे गं तुमची.” आई काही बोलणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, “सुट्टी नाही. ती कॉलेज सोडून आलीय. तिकडे नाही जमलं तिला.”

मग काकू म्हणाल्या, बरं झालं, पोरगी नजरेसमोर राहील. त्या मनापासून म्हणाल्या, हे मला कळत होतं. तरी मी पानं तशीच मुठीत धरून आत निघून गेले. लोक गेल्यावर आई बाबांना म्हणाली, “सगळ्यांसमोर सांगायची काय गरज होती?” बाबांनी विचारलं, “मग किती दिवस सुट्टी सांगणार होतीस?” संध्याकाळपर्यंत ती त्यांच्याशी बोलली नाही.

पुढच्या जूनमध्ये मी अंधेरीच्या कॉलेजात गेले. शेवटून दुसऱ्या बाकावर बसले. हजेरीला माझं नाव नव्हतं, नंबर होता. किती हायसं वाटलं ते सांगता येणार नाही. इतिहासाचे सर माईक हातात धरून तास संपेपर्यंत एकटेच बोलायचे. पहिलं वर्ष मी एक शब्द न बोलता काढलं. दुसऱ्या वर्षी कधीतरी एक शंका आली, वर्गात विचारायची हिंमत नव्हती, म्हणून तास संपल्यावर सरांना जिन्यात गाठलं. ते न थांबता, माझ्याकडे न बघता, पायऱ्या उतरत उत्तर देत गेले. मी मागोमाग उतरत दुसरा प्रश्न विचारला. मला आढळलं, की असं चालता चालता, कुणी माझ्याकडे बघत नसताना, मला बोलता येतं. मग ते नेहमीचंच झालं. माझी पदवी बरीचशी त्या जिन्यातच झाली म्हणायला हरकत नाही. आज मी शाळेत इतिहास शिकवते.

पण छोट्या कॉलेजातल्या कुणाशी मी संबंध ठेवला नव्हता. फोन नंबरही बदलला होता. गेल्या वर्षी त्या दिल्लीच्या रूममेटनं मला कुठूनसं शोधून काढलं. ती अंधेरीत नोकरीला आली होती. भेटायला नाही म्हणवेना. आम्ही बोटीनं गोराईला गेलो. वाटेत ती तिच्या ऑफिसबद्दल बोलत होती, आणि पलीकडे उतरल्यावर एकदम म्हणाली, “माझ्यामुळे गेलीस ना तू?”

मला काही कळेना. मग तिनं सांगितलं, की एकदा मेसमध्ये सगळ्यांसमोर तिनं माझा एक इंग्रजी उच्चार सुधारला होता आणि टेबलावरचे एक-दोघं हसले होते. आठवड्याभरात मी गेले. तिला वाटलं होतं, चिठ्ठीही ठेवली नाही म्हणजे तेच कारण. इतकी वर्षं ती ते मनात धरून होती.

मला तो उच्चार आठवत नव्हता, ते हसणंही नाही. मी तसं सांगितलं, तर तिला वाटलं मी तिची समजूत घालतेय. मग मात्र मी सगळंच सांगितलं: टेबल, ती थांबलेली शांतता, पलंगाच्या कडेला बसलेल्या बाई. हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होते, तेही रस्त्यावर, तिच्या बाजूनं चालत. आपली लाज फक्त आपल्याला आणि घरच्यांना छळते, असं मी धरून चालले होते. तिच्या वाट्याला त्यातलं एवढं गेलं असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

ती म्हणाली, तुझ्या घरी ने. आईनं तिला सुरमई तळून वाढली, हिंदी-मराठीची खिचडी करत भरपूर गप्पा मारल्या. जेवण चालू असताना समोरच्या काकू वाटी परत द्यायला आल्या आणि त्यांनी विचारलं, ही कोण?

“हिच्या कॉलेजातली मैत्रीण,” आई म्हणाली.

“अंधेरीच्या?”

“नाही. त्याच्या आधीच्या. डोंगरातलं ते, तिथली.”

आईनं इतक्या वर्षांत त्या कॉलेजचा विषय बाहेरच्या कुणापुढे काढला नव्हता. काकू ‘हो का’ म्हणाल्या आणि दारातच रेंगाळून तिला दिल्लीच्या थंडीबद्दल विचारू लागल्या. माझे कान पूर्वीसारखेच तापले. मी मान खाली घालून सुरमईचे काटे काढत राहिले. आईनं मला न विचारताच अजून थोडा भात वाढला.